मुखवट्याची राखण

व्हीट्यूबरांच्या जुन्या चाहत्यांचे एक ठरलेले गाऱ्हाणे असते: पूर्वी आपण थोडके होतो तेव्हा जिव्हाळा होता, गर्दी वाढली आणि तो आटला. सगळ्याच कलांच्या रसिकांनी आजवर हे म्हटले आहे, म्हणून ते हसण्यावारी नेण्याचा मोह होतो. जिव्हाळा तर प्रथमपासून एकतर्फीच होता. परंतु हा चाहतावर्ग वाढताना दुसरे काहीतरी खरोखरच हरवते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

व्हीट्यूबर म्हणजे ॲनिमेच्या धाटणीचे रेखाटलेले पात्र. त्याच्या आड बसलेली जिवंत व्यक्ती बोलते, गाते, खेळ खेळते, आणि तिच्या हालचाली टिपून संगणक त्या पात्राला हलवतो. २०१६च्या अखेरीस किझुना आय अवतरली आणि 'व्हर्च्युअल यूट्यूबर' हे नाव तिने रूढ केले. तिच्या चित्रफिती प्रामुख्याने आधी तयार करून, कापून-जोडून सादर होत. २०१८मध्ये निजिसांजीने साधी सपाट चित्रे फोनच्या कॅमेऱ्याने हलवून थेट प्रक्षेपणाचा मार्ग धरला आणि प्रेक्षकाचे स्थानच पालटले. त्याने चॅटमध्ये लिहिलेली ओळ आता वाचली जाऊ लागली, तिला उत्तर मिळू लागले.

या सगळ्याचा पाया एका अलिखित संकेतावर आहे. पात्राच्या आड जो बसला आहे त्याला जपानीत 'नाका नो हितो', आतला माणूस, म्हणतात. त्याच्याविषयी बोलायचे नाही. त्याने पूर्वी दुसऱ्या नावाने काही केले असेल तर ते त्याचे 'झेन्से', म्हणजे शब्दशः पूर्वजन्म. (ही कल्पना मराठी वाचकाला समजावून सांगावी लागू नये.) शंभर-दोनशे श्रोते असतात तेव्हा हा मुखवटा श्रोतेच राखतात. कुणी आगाऊपणे पूर्वजन्म काढला तर त्याची ओळ अनुत्तरित राहते, एखादा जुना माणूस त्याला हळूच समज देतो आणि प्रकरण तेथेच मिटते. नियमाची गरज पडत नाही. चारचौघांतली लाज पुरते.

होलोलाइव्हच्या बाबतीत हे बदलले ते २०२० साली. तासन्‌तास चालणाऱ्या जपानी प्रक्षेपणांतले गमतीचे तुकडे कापून, त्यांवर इंग्रजी भाषांतर चढवून हौशी चाहत्यांनी ते जगभर पोचवले. या तुकड्यांना 'किरिनुकी' म्हणतात. सप्टेंबरमध्ये कंपनीने इंग्रजी शाखा काढली आणि ऑक्टोबरातच तिच्यातल्या गॉर गुराने दहा लाख वर्गणीदारांचा टप्पा ओलांडला. होलोलाइव्हमध्ये तो प्रथम तिनेच गाठला. ही वाढ हौशी भाषांतरकारांच्या खांद्यावर झाली, हे विसरू नये. पण पाच मिनिटांच्या तुकड्यातून विनोद पोचतो, रीत पोचत नाही. रीत कळायला तीन तास बसावे लागते, मधल्या कंटाळवाण्या भागासकट.

मग रीत लिहून काढावी लागते. प्रक्षेपणाखाली सूचना येतात: चॅटमध्ये आपसांत भांडू नका, दुसऱ्या व्हीट्यूबरचे नाव तिने स्वतः काढल्याखेरीज काढू नका, इथली गोष्ट तिथे जाऊन सांगू नका. असे सांगणाऱ्याला जपानीत निरोप्या कबूतर म्हणतात, आणि शब्द मोठा गोड असला तरी ती शिवी आहे. लिहिलेला नियम पाळणारा माणूस आणि रीत जपणारा माणूस यांत फरक पडतो. पहिल्याला वाटते की राखणीची जबाबदारी मॉडरेटरची.

या फरकाची किंमत कोणी मोजली हे पाहायचे तर किर्यू कोकोचे उदाहरण घ्यावे. सप्टेंबर २०२०मध्ये प्रेक्षकांची देशवार आकडेवारी दाखवताना तिने आणि आकाई हातोने तैवानचे नाव उच्चारले. चिनी प्रेक्षक संतापले, दोघींना तीन आठवडे बंदी झाली, होलोलाइव्हची चीन शाखा पुढे गुंडाळली गेली. कोको परतल्यावर तिच्या चॅटमध्ये कित्येक महिने द्वेषाचा चिखल ओतला जात होता. त्या काळात सुपरचॅटमधून सर्वाधिक रक्कम मिळवणाऱ्यांत तिची गणना होई. चाहत्यांची संख्या किंवा पैसा, कशाचीच वाण नव्हती. हे हल्लेखोर बाहेरचे होते हे मान्य. पण चारचौघांतली लाज तेथे निरुपयोगी होती, आणि पैशाच्या रंगीत पट्ट्यांनी काही थोपवता आले नाही. जुलै २०२१मध्ये तिने निरोप घेतला, तेव्हा जवळजवळ पाच लाख लोक एकाच वेळी पाहत होते.

मोठ्या समुदायापाशी काहीच बळ नसते असे मात्र नाही. २०१९मध्ये किझुना आयच्या एकाच चेहऱ्यामागे अनेक आवाज आणण्याचा घाट घातला गेला. चाहत्यांनी तो मानला नाही आणि अखेर त्या आवाजांना वेगळी रूपे द्यावी लागली. मुखवटा कंपनीचा असला तरी तो अमुक एका माणसाचाच, हा आग्रह मला या चाहतावर्गाचा सर्वांत सुंदर क्षण वाटतो. २०२२मध्ये निजिसांजीची एनीकलर आणि २०२३मध्ये होलोलाइव्हची कव्हर या कंपन्या तोक्योच्या शेअरबाजारात आल्या. फेब्रुवारी २०२४मध्ये एनीकलरने सेलेन तात्सुकीशी करार संपवला, तेव्हा संतप्त चाहत्यांनी सदस्यत्वे रद्द केली. बाजू कोणाची खरी, हा येथे प्रश्न नाही. आग्रह तोच होता, पण हत्यार आता ग्राहकाचे होते, आणि त्याचे वार कंपनीतच राहिलेल्या सहकाऱ्यांवरही पडले. त्यांच्याही मुखवट्यांआड माणसेच होती.

आज स्वतंत्रपणे सुरुवात करणारी एखादी नवी व्हीट्यूबर पाहावी. वीस माणसे ऐकत असतात, सगळ्यांची नावे तिला पाठ असतात. आणि खाली, पहिल्याच दिवसापासून, मोठ्या कंपन्यांच्या पानांवर असते तीच नियमावली उतरवून घेतलेली असते.