कापलेले मुखपृष्ठ म्हणजे संग्रह नव्हे

शाहूपुरीतल्या रद्दीत सत्तरच्या दशकातला 'डेबोनेर' सापडला, की मुखपृष्ठावरची तरुणी कापून घेतली जाते, उरलेला अंक किलोच्या भावात जातो. हा संग्रह नव्हे. छायाचित्रकाराचे आणि मॉडेलचे नाव छापलेच असेल, तर ते बहुधा आतल्या पानावर असते. ते गेले की ती तरुणी कायमची निनावी. शिवाय याच मासिकात कविताही छापल्या जात, हे कोणाला कळणार?

मराठीतही असे अंक जपण्याजोगे आहेत. १९५१ साली सुरू झालेला 'आवाज' चावट खिडकीचित्रांसाठी गाजला. 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा'वर अश्लीलतेचा खटला चालला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. तो अंक आज नुसत्या मुखपृष्ठापुरता उरला असेल, तर खटला कशावर झाला हे त्यावरून कसे कळावे?