गळाला लागण्यापूर्वी

संपादकीयाच्या या जागेतून आम्ही आजवर बहुधा विहाराच्या कामाविषयी, मुलांच्या शिक्षणाविषयी, त्यांच्या मराठीविषयी लिहीत आलो. यंदा मात्र एका नकोशा विषयाकडे वळणे आम्हांस भाग पडले आहे. ई-मेल, फोनवरील संदेश आणि इंटरनेटवरील खाती यांच्या मार्गाने होणारी फसवणूक हा तो विषय होय. तो आमच्या उंबरठ्याच्या आत आला आहे, म्हणूनच हे लिहीत आहोत.

गेल्या वर्षी जयंतीच्या तयारीची धामधूम चालू असताना आमच्या खजिनदारांना अध्यक्षांच्या नावाने एक ई-मेल आला. आपण बैठकीत असल्याने फोन घेता येत नाही. एका आजारी सभासदाला तातडीने मदत करावयाची आहे. तरी पन्नास पौंडांची चार गिफ्ट कार्डे विकत घेऊन त्यांवरील क्रमांक कळवावेत, पैसे संध्याकाळी देतो, असा मजकूर होता. खजिनदारांनी कामावरून सुटताच कार्डे घेतली व क्रमांक कळविले. दोन दिवसांनी अध्यक्षांची भेट झाली, तेव्हा त्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. नाव त्यांचे होते, ई-मेलचा पत्ता भलत्याचाच होता. खजिनदारांनी ते दोनशे पौंड स्वतःच्या खिशातून भरले. संस्थेची नाचक्की नको म्हणून आम्ही, ज्यांच्या कानी ही गोष्ट गेली होती, ते सारे गप्प राहिलो. दोन महिन्यांनी त्याच धाटणीचा ई-मेल आमच्या एका वयोवृद्ध भगिनीला आला आणि त्यांचे तीनशे पौंड गेले. आम्ही वेळीच बोललो असतो तर ते वाचले असते. ही चूक आमची आहे आणि ती येथे, संबंधितांच्या संमतीने, आम्ही कबूल करीत आहोत.

या प्रकाराला 'फिशिंग' म्हणतात. 1990 च्या दशकाच्या मध्यास 'अमेरिका ऑनलाइन' या सेवेच्या ग्राहकांची खाती पळविणाऱ्या टोळक्यांच्या बोलीतून हा शब्द पुढे आला. अर्थ मासेमारीचाच, फक्त इंग्रजी स्पेलिंगात 'एफ'च्या जागी 'पीएच'. गळ हजारो लोकांपुढे टाकावयाचा. एखादा लागला तरी पुरे. त्या गळाला लावलेले आमिष मात्र माणूस पाहून बदलते. कोणाला विश्वासाचे, कोणाला भीतीचे, कोणाला लोभाचे. घाई मात्र प्रत्येक आमिषात असतेच, कारण थांबून विचार करणारा माणूस त्यांच्या उपयोगाचा नसतो.

आपल्यासारख्या परदेशस्थ कुटुंबांच्या बाबतीत भीतीचे आमिष विशेष चालते. ब्रिटनमध्ये अनेकांच्या बायोमेट्रिक निवास परवान्यांची मुदत 31 डिसेंबर 2024 रोजी संपली आणि त्यांची जागा ई-व्हिसाने घेतली. या बदलाच्या गोंधळाचा फायदा घेऊन 'आपले खाते बंद होत आहे, त्वरित शुल्क भरा' असे संदेश फिरू लागले. वस्तुतः ई-व्हिसासाठी लागणारे खाते सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य उघडता येते. त्याचप्रमाणे करपरताव्याचे आमिष दाखवून ई-मेलने बँकेचा तपशील मागण्याची कर खात्याची पद्धत नाही. ज्यांचे येथील वास्तव्यच एका कागदावर अवलंबून आहे, त्यांना असा संदेश वाचून घाम फुटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच तो त्यांना पाठविला जातो.

पूर्वी असे ई-मेल अशुद्ध इंग्रजीवरून ओळखता येत. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने निर्दोष इंग्रजीच काय, बरी मराठीही लिहिता येते. ओळखीच्या माणसाच्या आवाजाची नक्कलही करता येते. तेव्हा भाषेवर भिस्त ठेवून चालणार नाही. पाठविणाऱ्याचे नाव नव्हे, पूर्ण पत्ता वाचावा. येथील सरकारी संकेतस्थळाचा पत्ता पहिल्या तिरक्या रेघेपूर्वी 'जीओव्ही डॉट यूके' या अक्षरांवर संपतो. तीच अक्षरे आरंभी किंवा मध्ये घालून शेवटी दुसरेच नाव जोडलेले असेल, तर ते घर सरकारचे नव्हे. आणि संदेशातील लिंक न उघडता, आपल्या बँकेच्या कार्डामागे छापलेल्या क्रमांकावर फोन करावा किंवा नेहमीच्या वाटेने त्या संकेतस्थळावर जावे. त्यांनी दाखविलेल्या दाराने आत जाऊ नये, एवढे पथ्य पाळले तरी निम्म्याहून अधिक संकट टळते.

दुसरा प्रकार व्हॉट्सअ‍ॅपच्या खात्यांचा. 'चुकून तुमच्या फोनवर सहा अंकी क्रमांक आला आहे, तेवढा कळवा' असा संदेश ओळखीच्याच माणसाकडून येतो. तो क्रमांक म्हणजे आपल्या खात्याची किल्ली असते. ती दिली की खाते दुसऱ्याच्या हाती जाते आणि आपल्या नावाने आपल्याच नातेवाइकांकडे पैसे मागितले जातात. असा क्रमांक कोणालाही, अगदी पोटच्या मुलालाही, कळवू नये. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये दुपदरी पडताळणीची सोय आहे, ती चालू करावी. ई-मेलचा पासवर्ड इतर कोठेही वापरू नये, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड त्याच मार्गाने बदलता येतात.

मायदेशी असलेल्या आईवडिलांची काळजी याहून मोठी आहे. मुले परदेशी, घरात दोन म्हातारी माणसे आणि खात्यावर निवृत्तीचे पैसे, हे ठकांना चांगले ठाऊक असते. पोलिसांच्या गणवेशात व्हिडिओ कॉल करून 'तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे' असे सांगतात, तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर बसवितात आणि खाते रिकामे करावयास लावतात. भारतीय कायद्यात 'डिजिटल अटक' नावाची कोणतीही तरतूद नाही. हे एक वाक्य या रविवारच्या फोनवर नागपूरच्या किंवा नांदेडच्या घरी अवश्य सांगावे. भारतात अशी तक्रार 1930 या क्रमांकावर करता येते; जितक्या लवकर करावी, तितकी रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक.

ब्रिटनमध्ये संशयास्पद ई-मेल 'रिपोर्ट अ‍ॅट फिशिंग डॉट जीओव्ही डॉट यूके' या पत्त्याकडे आणि फोनवरील संदेश 7726 या क्रमांकाकडे पाठवावेत. 159 फिरविल्यास बहुतेक मोठ्या बँकांशी थेट संपर्क होतो. फसवून खात्यावरून खात्यावर पैसे पाठवावयास लावले असतील, तर 7 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमानुसार बँकेने 85,000 पौंडांपर्यंतची भरपाई देणे, काही अपवाद वगळता, बंधनकारक आहे; तक्रार 13 महिन्यांच्या आत करावी लागते. परदेशातील खात्यात पाठविलेल्या रकमेला आणि गिफ्ट कार्डांना मात्र तो नियम लागू नाही. आमच्या त्या भगिनीला काहीही परत मिळाले नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. फसविला गेलेला माणूस अडाणी असतो, हा समज खोटा आहे. आमचे खजिनदार व्यवसायाने हिशेबनीस आहेत. त्यांना फसविले ते आजारी बांधवाला मदत करण्याच्या तत्परतेने, म्हणजे ज्या गुणावर ही संस्था उभी आहे त्याच गुणाने. तो गुण टाकून द्यावा असे आम्ही म्हणणार नाही. त्याला विचारण्याची जोड द्यावी, एवढेच म्हणतो. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी केलेला उपदेश आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. सांगणारा थोर आहे एवढ्यावरून एखादी गोष्ट मानू नये, ती स्वतः पारखावी, हे त्याचे सार. जो समाज प्रश्न विचारून उभा राहिला, त्याने अध्यक्षांचा ई-मेल आला तरी फोन उचलून 'हे आपणच लिहिले काय?' असे विचारण्यात संकोच का मानावा?

कार्यकारिणीने म्हणूनच चार गोष्टी ठरविल्या आहेत. सभासदांचे ई-मेल पत्ते व फोन क्रमांक या अंकापासून स्मरणिकेत छापले जाणार नाहीत. संस्था कोणाकडेही ई-मेलने वा संदेशाने पैसे किंवा गिफ्ट कार्डे मागणार नाही. देणगीचे बँक खाते बदलल्यास ते सभेत जाहीर केले जाईल. आणि कोणाची फसवणूक झाल्यास ती नाव न घेता पुढच्याच मासिक बैठकीत सर्वांना सांगितली जाईल.

या चौथ्या ठरावाचे महत्त्व आम्हांस सर्वांत अधिक वाटते. लाज वाटावी ती ठकविणाऱ्याला. ज्याचे पैसे गेले, त्याने आमच्याकडे यावे, बसावे, सांगावे. त्याला कोणी हसणार नाही. त्याच्या सांगण्याने दुसऱ्या कोणाचे तरी घर वाचेल.

सर्व वाचकांना जयंतीच्या मंगल कामना. जय भीम!

— संपादक मंडळ