भिंतीला भोक, खिशाला भगदाड

"दादा, हॉलमध्ये टीव्ही लावलाय. चार भोकं पाडली. चालेल ना?"

भाडेकरूचा हा मेसेज वाचला आणि माझं डोकंच सटकलं. भोकं पाडून झाल्यावर विचारतोस? अरे, तो हॉल मी स्वतः रंगवलाय, दोन रविवार घालवून! लगेच फोन लावला आणि त्याला दहा मिनिटं झापलं.

आता गंमत ऐका. याच माणसाने तीन महिन्यांचं भाडं दिलेलं नव्हतं. महिना १८ हजार, म्हणजे ५४ हजार रुपये. त्याबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं. कसं काढणार? त्याची नोकरी गेलेली, घरात दीड वर्षाची मुलगी, आणि तो मला 'दादा' म्हणतो!

भोकं बुजवायला फार तर पाचशे रुपये लागले असते. पाचशेसाठी भांडलो आणि ५४ हजारांसाठी गप्प बसलो. आणि वर मित्रांना सांगत फिरतो, कोथरूडला आपली एक इन्व्हेस्टमेंट आहे म्हणून.

हा वन बीएचके म्हणजे माझं पहिलं घर. बाबांनी डाउन पेमेंटसाठी स्वतःच्या प्रॉव्हिडंट फंडातून पैसे दिले होते. लग्नानंतर आम्ही तिथेच राहिलो. पुढे बाणेरला मोठा फ्लॅट घेतला आणि हा भाड्याने दिला. व्यवहारात तो धंदा झाला, पण माझ्या डोक्यात अजून 'आमचं घर'च होतं. सगळी गडबड इथेच झाली.

माझा एक मित्र सी.ए. आहे. त्याच्यापुढे रडगाणं गायलं, तर तो म्हणाला, "एक्सेल उघड." उघडलं. वर्षाचं भाडं २ लाख १६ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स ३६ हजार आणि प्रॉपर्टी टॅक्स १२ हजार वजा. उरले १ लाख ६८ हजार, तेही भाडं वेळेवर आलं तर! फ्लॅटची आजची किंमत साधारण ७० लाख. म्हणजे परतावा २.४ टक्के. बँकेची साधी एफडी याहून जास्त देते, आणि ती भिंतीला भोकं पाडत नाही.

"पण किंमत वाढते ना," मी म्हटलं.

"वाढेलही. मग मला एवढंच सांग, आज हातात ७० लाख रोख असते, तर हाच फ्लॅट घेतला असतास?"

मी चहात बिस्किट बुडवलं. ते बुडालंच.

मग त्याने ॲग्रीमेंट मागितलं. ते पाच महिन्यांपूर्वीच संपलेलं! 'करू या निवांत' म्हणत राहून गेलं होतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं; खोटं आहे हे सिद्ध करायचं तुम्ही. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही घर सोडलं नाही तर कलम २४ प्रमाणे दुप्पट भरपाई मागता येते. पण मुदतीनंतरही तसंच भाडं घेत राहिलात, तर तुमचीच बाजू लंगडी पडते.

हे ऐकून माझा पारा पुन्हा चढला. "सोमवारी जातो आणि कुलूपच बदलतो!"

"ते बेकायदेशीर आहे, आणि मूर्खपणाचंही. काल दया आली म्हणून गप्प होतास, आज राग आला म्हणून कुलूप बदलणार. हिशोबावरून कधी ठरवणार?"

बॉस, इथे माझी ट्यूब पेटली. आपण समजतो, भावना बाजूला ठेवायच्या म्हणजे दगड व्हायचं. तसं नाहीये. माझी दया आणि माझा राग ही दोन्ही न बोलण्याचीच कारणं होती.

रविवारी कागद घेऊन गेलो. एका बाजूला थकबाकी, दुसऱ्या बाजूला त्याचं ५० हजार डिपॉझिट. म्हटलं, दोन रस्ते आहेत. थकबाकी सहा हप्त्यांत फेडायची आणि २२ हजारांवर नवा करार करायचा. नाहीतर महिन्याभरात घर सोडायचं.

त्याने कागद दोनदा वाचला. मग म्हणाला, "दादा, हे आधीच बोलला असतात तर बरं झालं असतं. तुमचा फोन आला की हिच्या पोटात गोळा यायचा. त्या दिवशी वाटलं, आता भाड्याचं बोलणार. तर तुम्ही भोकांवरच बोललात."

काय बोलणार यावर? मी ज्याला चांगुलपणा समजत होतो, तो त्यांच्यासाठी तीन महिन्यांचा टांगता धोंडा होता.

त्यांनी घर सोडायचं ठरवलं. शेवटच्या महिन्याचं भाडं दिलं आणि धायरीला स्वस्तात जागा बघितली. डिपॉझिट थकबाकीत वळतं केलं. वरचे चार हजार मी सोडून दिले. दयाच, पण या वेळी आकडा माहीत असलेली.

आता नवा भाडेकरू आहे. भाडं २२ हजार, करार नोंदवलेला, आणि संपायच्या दोन महिने आधीचा अलार्म फोनमध्ये. फ्लॅट ठेवायचा की विकायचा, हा हिशोब दर दिवाळीत बाबांना शेजारी बसवून करायचा, असं ठरलंय. पहिल्याच वेळी बाबा काय म्हणाले माहितीये? "अरे, मी पैसे तुला दिले होते, भिंतींना नाही."

आणि हो, ती चार भोकं बुजवायची राहूनच गेली. नव्या भाडेकरूचा टीव्ही त्यांच्यावरच बसला. एकदम फिट्ट!