हसायचं कुणाला?

लंडनच्या जेम्स गिलरेचं १७९६ सालचं एक व्यंगचित्र पाहिलं आणि आधी हसूच आलं. डोक्यात पिसं खोवलेली, नटलेली आई ताठ बसलीय. झग्याला छातीपाशी चिरा. मोलकरणीनं बाळ धरलंय, ते दूध पितंय आणि खिडकीबाहेर बग्गी तयार!

मग वाटलं, बाळ उपाशी तर नाही ना? तेव्हा तिथल्या कित्येक श्रीमंत घरांत मुलं दाईच्या दुधावर वाढत. ही निदान स्वतः पाजतेय. चित्र विकणारी हॅना हम्फ्रीही बाईच. बाप मात्र चित्रात नाहीच, म्हणून त्याला कुणी हसत नाही.

परवा लग्नाला निघताना घाईघाईनं तान्ह्याला पाजणाऱ्या सुनेला मी टोमणा मारला होता. आज तिची माफी मागितली.