मिग गेलं, गावाचं नाव राहिलं

नाशिकचा इतिहास सांगा म्हटलं की आपली गाडी ठरलेल्या स्टेशनांवरच थांबते. पंचवटी, काळाराम मंदिराचा १९३० चा सत्याग्रह, कुंभमेळा, त्र्यंबकला जन्मलेले दादासाहेब फाळके. आपल्या गंगापूर रोडपुरतं बोलायचं तर आनंदवल्ली आणि राघोबादादा. त्यानंतर एकदम द्राक्षं, कांदा आणि वाईन! राघोबादादा ते वाईन, मधलं सगळं आपण सरळ ऑप्शनला टाकलेलं आहे.

त्या ऑप्शनला टाकलेल्या धड्यात एक विमान आहे. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला. होस्टेलवर त्या दिवशी सगळ्यांनी व्हिडिओ बघितले, फॉरवर्ड केले, स्टेटसला ठेवले. पण यातली साडेसहाशेच्या आसपास विमानं आपल्या होस्टेलपासून तासाभराच्या अंतरावर, ओझरला बनली, हे किती जणांना माहीत होतं? मी आमच्या विंगमध्ये विचारलं. बारा जणांपैकी तिघांना. आणि आपण म्हणे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी!

थोडा मागचा सिलॅबस बघू. मिगसाठी रशियाशी करार झाला १९६२ मध्ये. त्याच वर्षी चीनचं युद्ध झालं आणि नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. १९६३ साली ते लोकसभेवर निवडून आले ते नाशिकमधून, तेही बिनविरोध. आणि १९६४ ला ओझरला मिगचा कारखाना सुरू झाला. नाशिककरांनी बिनविरोध खासदार दिला, त्याची परतफेड म्हणून कारखाना आला, असं जुनी मंडळी आजही सांगतात. कामाची वाटणी अशी की विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. आधी रशियाहून आलेले भाग जोडायचे, मग हळूहळू कच्च्या मालापासून सगळं इथेच करायचं, असा तो क्रम होता. १९७० पर्यंत कच्च्या मालापासून घडवलेलं विमान ओझरहून बाहेर पडलं. पुढच्याच वर्षी, १४ डिसेंबर १९७१ ला, ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाऊसवर जो हल्ला झाला तो याच जातीच्या विमानांनी.

आता गावाचं बघा. ब्रिटिश काळातल्या नोंदींत 'ओझर तांबट' असं नाव सापडतं. तांबट म्हणजे तांब्याची भांडी घडवणारा. त्याच गावाला आज लोक 'ओझर मिग' म्हणतात. तांब्याच्या पत्र्यापासून अॅल्युमिनियमच्या पत्र्यापर्यंत! एखाद्या गावाला देवाचं, राजाचं, नदीचं नाव मिळतं. लढाऊ विमानाचं आडनाव लागलेलं गाव मला तरी दुसरं ठाऊक नाही. विमान रिटायर झालं, आडनाव मात्र गावाने टाकलेलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. मिग हा फक्त हवाई दलाचा इतिहास नाही, तो नाशिक जिल्ह्याचा इतिहास आहे आणि तो आपण लिहून ठेवत नाही आहोत. कारखाना आला म्हणजे नुसती शेड उभी राहिली असं नसतं. त्याच्यासाठी शेतकऱ्यांची जमीन गेली. टाऊनशिप झाली, शाळा झाल्या, देशभरातून माणसं राहायला आली. ज्या पोराने उभ्या आयुष्यात सायकलपलीकडचं यंत्र हाताळलं नव्हतं तो आयटीआय करून विमानाला रिव्हेट मारू लागला. मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे काय, हे त्याला रोजच्या कामात कळलं. आपण मेट्रॉलॉजीच्या व्हायवाला जे पाठ करून जातो, ते या माणसांच्या बोटांत होतं. आमच्या गल्लीतले एक निवृत्त फिटर काका आजही दाराची बिजागरी बसवताना फट नखाने तपासतात. मी हसलो तर म्हणाले, "बाळा, वर गेल्यावर खाली उतरून पाना मारता येत नाही."

पण असा इतिहास लिहायचा तर तो आरती ओवाळल्यासारखा लिहून चालणार नाही. मिगची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. २०१२ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी राज्यसभेत आकडे दिले होते : तोवर मिग विमानांचे ४८२ अपघात, त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मृत्युमुखी. पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ ला राजस्थानात सुरतगडला मिग-२१ उडवताना गेले. त्यांच्या आईवडिलांनी त्यानंतर हवाई सुरक्षेसाठी जो लढा दिला तो सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. एका मराठी घरात विमान घडवल्याचा अभिमान आहे, दुसऱ्या मराठी घरात हार घातलेला फोटो आहे. प्रत्येक अपघाताचं कारण वेगळं होतं. कधी यंत्र, कधी पक्षी, कधी प्रशिक्षणातली उणीव. 'उडती शवपेटी' असं एका शब्दात म्हटलं की त्या फिटरकाकांवर अन्याय होतो, आणि 'आमचं लाडकं मिग' एवढंच म्हटलं की त्या १७१ घरांवर होतो. इतिहासात दोन्ही घरांना जागा पाहिजे.

आणि हे सगळं लांब राजस्थानात घडतं असंही नाही. ओझरला आता सुखोई बनतात, दुरुस्त होतात. २७ जून २०१८ ला पिंपळगाव बसवंतजवळ वावी-ठुशीला एक सुखोई शेतात कोसळलं. ४ जून २०२४ ला निफाड तालुक्यातच शिरसगावला दुसरं. दोन्ही वेळा वैमानिक वाचले हे नशीब. ज्या तालुक्याने विमानतळाच्या आसपास द्राक्षबागा जपल्या, त्याच्याच शेतात विमानाचे तुकडे पडले. या गोष्टी दोन दिवस पेपरात येतात आणि मग रद्दीत जातात. पन्नास वर्षांनी कुणी विचारलं तर सांगणार कोण?

बाहेरच्या जगात हे काम कसं करतात बघा. इंग्लंडमध्ये लिंकनशायर नावाची काउंटी आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे इतके बॉम्बर तळ होते की तिला 'बॉम्बर काउंटी' असंच नाव पडलं. तिथल्या लिंकन गावात २०१८ मध्ये स्मारककेंद्र उघडलं. बॉम्बर कमांडच्या मोहिमांत गेलेल्या जवळजवळ ५८ हजार जणांची नावं तिथे कोरली आहेत. आणि नुसत्या भिंती नाहीत, म्हाताऱ्या सैनिकांचे, तळाशेजारी राहणाऱ्यांचे, ज्यांच्यावर बॉम्ब पडले त्यांचेही आवाज तिथे जपलेत. आपल्याकडे ओझर आहे, हवाई दलाचा बेस रिपेअर डेपो आहे, गांधीनगरला आर्मी एव्हिएशनची ट्रेनिंग स्कूल आहे. अर्धा जिल्हा आकाशाकडे बघत मोठा झालाय. पण लायब्ररीत यावर मराठी पुस्तक मागा, मग कळेल.

कुणी म्हणेल, अरे बाबा, संरक्षणाचं काम, गुपित असतं. मान्य! विंगचं ड्रॉइंग कुणी मागत नाहीये. पहाटेची कंपनीची बस, रशियन तंत्रज्ञांशी खाणाखुणांनी चाललेलं बोलणं, पहिलं विमान उडालं त्या दिवशीचे पेढे, जमीन गेली त्या घराने पुढे काय केलं, यात कसलं आलंय गुपित? कुणी म्हणेल, हे कंपनीचं काम. पण कंपनी आपल्या उत्पादनाचा इतिहास लिहील. गावाचा इतिहास गावानेच लिहायचा असतो.

आणि घाई आहे मित्रांनो. १९६४ ला विशीत असलेला कामगार आज ऐंशीच्या पुढे आहे. दरवर्षी यातली काही माणसं आपल्यातून जातात आणि त्यांच्याबरोबर एकेक कपाटभर माहिती जाते. दुसरीकडे नवा धडा सुरूही झालाय. १७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरहून नाशिकमध्ये तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क वन-ए ने उड्डाण केलं. आपल्यातले काही जण उद्या तिथेच नोकरीला लागतील. आपल्या आधी त्या जिगजवळ कोण उभं होतं, हे त्यांना माहीत असायला नको?

म्हणून सर-मॅडमना विनंती आणि दोस्तांना आवाहन. दरवर्षी आपण तीच ती मिनी-प्रोजेक्टं सबमिट करतो, त्यातली निम्मी वर्षअखेर रद्दीवाल्याकडे जातात. त्याऐवजी चौघांच्या एका ग्रुपने दहा निवृत्त कामगारांशी बोलावं. मोबाईलमध्ये रेकॉर्ड करावं, शब्दन्शब्द मराठीत उतरवावं आणि एक प्रत लायब्ररीत ठेवावी. यादीत जमीन दिलेला शेतकरी हवा, इन्स्पेक्शनमधला माणूस हवा, टाऊनशिपमध्ये वाढलेली मुलगी हवी आणि शेतात विमान पडलेलं पाहिलेला साक्षीदारही हवा. खर्च किती? ओझरचं एस.टी. तिकीट आणि चहा. मेसमध्ये दर रविवारी होणारी भांडणं याहून महाग पडतात!

मी नाव दिलंय. तिघं पाहिजेत. ब्रँच कुठलीही चालेल. फक्त समोरचा म्हातारा बोलत असताना मध्ये न बोलण्याची सवय हवी.