टीदर ‘बीपीए-फ्री’ आहे, पण त्याचा आकार पाहिलात का?

बाळाला दात येऊ लागले की घरात पहिली खरेदी होते ती चोखणीची किंवा टीदरची. पाकिटावर ‘बीपीए-फ्री’, ‘फूड ग्रेड सिलिकॉन’ असं लिहिलेलं असतं आणि आपण निश्चिंत होतो. पण गेल्या काही वर्षांत अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने ऑनलाइन विकले जाणारे मश्रूमच्या आकाराचे अनेक टीदर बाजारातून परत मागवायला लावले, आणि त्यामागचं कारण प्लास्टिकमधलं रसायन नव्हतं. दोष होता दांड्यात. तो इतका बारीक आणि लांब होता की बाळाच्या घशात खोलवर जाऊन अडकू शकत होता. याच घडणीचे टीदर आपल्याकडेही मोबाइलवरून एका दिवसात घरपोच येतात, म्हणून हा विषय तुमच्यापुढे मांडतो आहे.

चित्रात बाळ मश्रूमची टोपी चावताना दिसतं. प्रत्यक्षात सहा महिन्यांचं बाळ वस्तू कशी धरायची हे वाचून ठरवत नाही. ते टोपी मुठीत धरतं आणि दांडा तोंडात घालतं. त्यात ते उताणं असेल किंवा बसल्या बसल्या पुढे कलंडलं, तर दांडा आत ढकलला जातो. या वयात श्वासमार्ग अरुंद असतो आणि घशात अडकलेली वस्तू स्वतः ओढून काढण्याइतकं हातांवर नियंत्रण नसतं. सिलिकॉन मऊ आहे ही इथे जमेची बाजू नाही. मऊ वस्तू घशाच्या आकारात बसते आणि हवेची वाट पुरती बंद करू शकते.

हा धोका नवा नाही. खुळखुळ्यांमुळे असे अपघात झाल्यावर अमेरिकेत 1978 पासून एक साधी चाचणी सक्तीची झाली, आणि पुढे तीच टीदरलाही लागू झाली. 30 मिलिमीटर जाडीचा ठोकळा, त्यात 50 बाय 35 मिलिमीटरचं लंबगोल भोक. वस्तू कोणत्याही बाजूने त्या भोकात सोडली तरी तिचं टोक पलीकडे बाहेर यायला नको. खेळण्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकातही याच धर्तीची चाचणी आहे.

चोखणीचे नियमही त्याच वर्षीचे. तोंडाबाहेर राहणारी ढाल ओढली तरी तोंडात शिरता कामा नये, आणि तिला हवेसाठी किमान दोन भोकं हवीत, म्हणजे चुकून ती आत गेलीच तरी श्वास चालू राहील. मागची कडी फार पुढे आलेली नको, कारण बाळ पालथं झालं की तीच कडी चोखणी आत दाबते. बोंडी उकळून, मग ओढून तपासायची, तुटून हातात येता कामा नये. आणि चोखणीसोबत दोरी किंवा रिबन मुळीच नको.

भारतात 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. खेळणं म्हणून विकल्या जाणाऱ्या टीदरवर ते शोधा, त्याखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये घालून पाहा. चिन्ह नसेल तर स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. ‘बीपीए-फ्री’ हे शब्द विक्रेता स्वतः छापतो. बीपीए नसणं चांगलंच, पण त्यावरून आकाराबद्दल काहीच कळत नाही.

घरी आलेल्या वस्तूची एक ढोबळ तपासणी तुम्हीही करू शकता. जाड पुठ्ठ्याला पाच सेंटिमीटर लांब आणि साडेतीन सेंटिमीटर रुंद असं लंबगोल भोक पाडा. टीदरचं एखादं टोक त्यातून तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त पलीकडे जात असेल, तर ती वस्तू बाळाच्या हातात देऊ नका. ही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे, पण धोकादायक दांडा ओळखू येतो. मला विचाराल तर साधं, जाड, एकसंध कडं सगळ्यात बरं. आत पाणी किंवा जेल भरलेलं टाळा, ते फुटतं. चोखणीची बोंडी रोज ओढून पाहा. चिकट झाली, चिरली किंवा रंग बदलला की फेकून द्या.

आता आपल्या घरातल्या सवयींकडे वळू. चोखणी हरवू नये म्हणून ती दोऱ्याने गळ्यात अडकवतात. गळ्यात आधीच काळा दोरा किंवा ताईत असतो, त्यात ही भर. 2018 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दातांसाठीच्या मण्यांच्या माळांविरुद्ध इशारा दिला, त्यात झोपेत माळेचा फास बसून दगावलेल्या अठरा महिन्यांच्या मुलाची नोंद होती. त्याच वर्षी टेक्सासमध्ये मध भरलेल्या चोखण्यांमुळे चार बाळांना बॉट्युलिझम होऊन रुग्णालयात ठेवावं लागलं. चोखणी मधात बुडवून देण्याची पद्धत आपल्याकडेही आहे. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध चाटवूही नका. चघळायला खारीक किंवा गाजर देतात, त्याचा तुकडा मोडून घशात अडकू शकतो.

हिरड्यांवर लावायच्या जेलबाबत आजीचा आग्रह असला तरी आधी डॉक्टरांना विचारा. बेंझोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता कमी होऊ शकते, म्हणून अमेरिकेत दोन वर्षांखालच्या मुलांसाठी अशी उत्पादनं विकणं थांबवायला 2018 मध्ये सांगण्यात आलं. कोलीन सॅलिसिलेटचं जेल ब्रिटनमध्ये 2009 पासून सोळा वर्षांखाली देत नाहीत.

मग दुखणाऱ्या हिरड्यांसाठी करायचं काय? हात स्वच्छ धुऊन बोटाने हलकेच दाबा. टीदर किंवा ओला सुती रुमाल फ्रिजमध्ये गार करून द्या, फ्रीजरमध्ये मात्र नको, आणि चघळून होईपर्यंत जवळ बसा. बाळ फारच कळवळत असेल तर वजनानुसार पॅरासिटॅमॉल किती द्यायचं ते डॉक्टर सांगतील. आणखी एक: दात येताना लाळ गळते, चिडचिड होते, पण 38 अंश सेल्सिअसच्या वर ताप किंवा पाण्यासारखे जुलाब दातांमुळे होत नाहीत. ‘दातांचे जुलाब’ म्हणून दोन दिवस थांबलेल्या बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालेलं असतं.

वस्तू घशात अडकून बाळाला रडता किंवा खोकता येत नसेल, तर न दिसणाऱ्या वस्तूसाठी तोंडात बोट घालू नका, ती आणखी आत जाते. एक वर्षाखालच्या बाळाला आपल्या हातावर पालथं, डोकं खाली राहील असं धरा आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा द्या. वस्तू निघाली नाही तर उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, एका तळहाताच्या टाचेने पाच वेळा दाबा. वस्तू बाहेर येईपर्यंत हे आलटून पालटून करत राहा, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला लगेच 108 वर फोन लावायला सांगा. बाळ निपचित पडलं तर फोन स्पीकरवर ठेवा, पलीकडून सांगतील तसं करत जा.