रडण्याची मुभा देणारी आशा

ख्रिस्ती माणसाच्या दफनविधीत काही वाक्ये हमखास कानावर पडतात. ‘रडू नका, ते प्रभूजवळ गेले.’ ‘देवाची इच्छा होती.’ ‘चांगली माणसे देवाला लवकर हवी असतात.’ तरुण मुलगा गमावलेल्या आईच्या खांद्यावर हात ठेवून कोणीतरी हे बोलते आणि ती डोळ्यांना पदर लावून मान हलवते. बोलणाऱ्याच्या मनात प्रेमच असते, यात शंका नाही. पण ही शिकवण ख्रिस्ताची नाही. ती त्याच्या नावावर खपते, म्हणून तिचे खंडन ख्रिस्ती माणसानेच केले पाहिजे.

बाहेरच्या टीकाकाराला बळ मिळते ते याच वाक्यांमुळे. तो म्हणतो, तुमची आशा म्हणजे गुंगीचे औषध. मार्क्सने १८४४ साली धर्माला अफू म्हटले. फ्रॉइडने १९२७ साली धर्म हा माणसाच्या इच्छेतून निपजलेला भ्रम आहे असे मांडले. हा आक्षेप हसून उडवण्यासारखा नाही. मृत्यूकडे डोळेझाक करायला लावणारी, गेलेल्या माणसाची उणीव नाकारणारी आशा खरोखरच अफू ठरेल. आता फ्रॉइडचेच पाहा. १९२० साली फ्लूच्या साथीत त्याची मुलगी सोफी गेली. नऊ वर्षांनी, तिच्या वाढदिवसाच्या तारखेला, तशाच दुःखात असलेल्या एका मित्राला त्याने पत्र लिहिले. शोकाचा पहिला भर ओसरला तरी गेलेल्या माणसाची जागा कशानेही पुरती भरत नाही, आणि तसेच असायला हवे, कारण ते प्रेम टिकवण्याचा तोच मार्ग आहे, असा त्या पत्राचा आशय होता. देव न मानणाऱ्या या बापाला जे कळले, ते आमच्या व्यासपीठांवरून का सांगितले जात नाही?

व्यासपीठावरून सांगितले जाते ते पौलाचे अर्धे वाक्य. थेस्सलनीका इथल्या मंडळीला त्याने इ. स. ५०च्या सुमारास पत्र पाठवले. ख्रिस्त परत येण्याची वाट पाहता पाहता तिथली काही माणसे वारली होती आणि मागे राहिलेले गोंधळले होते. पौलाने त्यांना शोक करायला मनाई केलेली नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, एवढेच त्याने सांगितले. यातला पुढचा भाग धरायचा आणि मागचा गाळायचा, हा प्रकार आम्ही पिढ्यान्‌पिढ्या चालवला आहे. शोक आणि आशा एकाच छातीत नांदू शकतात, हेच तर त्याला सांगायचे होते.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी बेथानीला जावे. मार्था आणि मरिया यांचा भाऊ लाजर मरून चार दिवस झाले आहेत. आपण त्याला उठवणार आहोत हे येशूला ठाऊक आहे. निघण्यापूर्वी शिष्यांपाशी तो तसे बोललाही आहे. काही वेळातच भाऊ जिवंत होणार असताना रडायचे कशाला? ‘रडू नका’ म्हणण्याचा अधिकार जगात कोणाला असेल, तर तो त्या घडीला त्याला होता. तरी मरियेचे अश्रू पाहून तो आतून कळवळला आणि स्वतः रडला, असे योहान लिहितो. थोड्या वेळाने दुःख संपणार आहे म्हणून आत्ताचे दुःख त्याने खोटे मानले नाही. शिवाय तिथे पोहोचताच मार्था आणि मरिया दोघींनीही त्याला एकच बोल लावला होता: तू इथे असतास तर भाऊ मेला नसता. त्याने दोघींपैकी कोणालाही गप्प केले नाही.

उलट बाजूला ईयोबाचे मित्र आहेत. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. त्यांच्या हातून घडलेले एकमेव चांगले काम तेच. मग त्यांनी कारणे सांगायला सुरुवात केली. ग्रंथाच्या शेवटी देव रागावतो तो या कारणे सांगणाऱ्यांवर. देवाशी भांडलेल्या ईयोबाचे बोलणे मात्र तो यथार्थ ठरवतो. ‘देवाची इच्छा’ हे उत्तर ओठांवर येईल तेव्हा हा निवाडा आठवावा. पौलाने तर मृत्यूला शेवटचा शत्रू म्हटले आहे. मग त्याला देवाचा निरोप्या ठरवायचे कोणत्या आधारावर?

ख्रिस्ती आशा पुनरुत्थानावर उभी आहे. उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या. थोमाने त्या पाहिल्या. जे घडले ते पुसले गेले नव्हते, तरीही मरणाचा शब्द अखेरचा ठरला नव्हता. ही श्रद्धा दुःखात उपयोगी पडते म्हणून ती खरी आहे, असा माझा दावा नाही. तसा दावा म्हणजे फ्रॉइडच्या आक्षेपाला दिलेली कबुलीच. ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास फुकट आहे, असे पौलानेच करिंथकरांना लिहिले आहे. मी ख्रिस्त उठला असे मानतो, आणि माझी आशा तिथूनच सुरू होते.

अशी आशा माणसाला बधिर करते का, याचा पुरावा आपल्या मातीत आहे. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या वर्षांत गेली. १८८० साली भाऊ श्रीनिवास गेला, १८८२ साली नवरा. पदरात लहानगी मनोरमा. या आघातांनी खचून त्यांनी बाप्तिस्मा घेतला, असे सर्रास म्हटले जाते. ते त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. इंग्लंडमध्ये त्यांना ख्रिस्ताकडे ओढले ते फुलहॅम इथे पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी चाललेल्या कामाने, आणि शोमरोनी स्त्रीशी ख्रिस्त ज्या रीतीने बोलला त्याने. १८८३ साली बाप्तिस्मा झाल्यावरही सिद्धान्तांच्या प्रश्नांवर त्या आपल्या इंग्रज गुरुभगिनींशी वर्षानुवर्षे वाद घालत राहिल्या. गुंगीत असलेली बाई असे वाद घालत नाही.

पुढे १८९६-९७चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या आणि केडगावचे मुक्तिसदन भरले. भुकेने माणसे कशी मरतात हे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिले होते. तो शोक त्यांनी विसरायचा म्हटला असता तर त्या तिकडे फिरकल्याच नसत्या. जुलै १९२१मध्ये मनोरमाही गेली. कामाची धुरा जिच्यावर सोपवायची ती एकुलती मुलगी. त्यानंतर रमाबाई जेमतेम नऊ महिने जगल्या. ५ एप्रिल १९२२ला त्यांचे निधन झाले. त्या अखेरच्या काळातही मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून करत आणलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी हातावेगळे केले.

म्हणून आमच्या मंडळ्यांकडे माझे मागणे आहे. सांत्वनाच्या उपासनेत मृत्यूचे कारण देवाच्या माथी मारू नये. आणि एकदा तरी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचावे. त्यात आरंभी देवाला हाक आहे, शेवट मात्र अंधारात होतो. दिलाशाची एकही ओळ त्याला जोडलेली नाही. अशा वाचनाने दुबळ्यांचा विश्वास डळमळेल, असा आक्षेप येईल. पण रोमन कॅथलिक परंपरेत हेच स्तोत्र दर शुक्रवारी झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत म्हटले जाते, आणि त्या प्रार्थनेने चर्च रिकामे पडलेले नाही. विश्वास डळमळतो तो उपासनेत आपल्या दुःखाला कुठेच शब्द सापडत नाहीत तेव्हा. ती आई मान हलवून घरी जाते आणि पुढच्या रविवारपासून येत नाही.